नायकाच्या मागचे सहा स्वार

कथा, कादंबरी किंवा नाटकातले दुय्यम पात्र म्हणजे ज्याच्या नशिबावर गोष्ट उभी नसते, पण ज्याच्यावाचून ती पुढे सरकत नाही, असा माणूस. नायकाचा मित्र, नायिकेची सासू, गावचा कारभारी, दोन प्रवेशांपुरता येणारा वकील, थोड्याच पानांत मरून जाणारी धाकटी बहीण हे सगळे या वर्गात मोडतात. वाचक पुस्तक हातात धरतो ते नायकासाठी. त्यातले जग त्याला खरे वाटते ते मात्र बहुतेकदा या माणसांमुळे. नायक एकटा जिवंत आणि भोवतालचे सगळे त्याच्या सोयीने उठणारे-बसणारे असले, तर नायकाचाही जीव हळूहळू जातो. त्याला अडवणारे, फसवणारे, जीव लावणारे खरे कोणी उरत नाही.

नेसरीची खिंड

या विषयातली मूळ अडचण एकाच प्रसंगात पाहायची, तर कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीकडे वळावे लागते. १६७३ च्या एप्रिलमध्ये स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी जतजवळच्या उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाचे पाणी तोडले, त्याला कोंडीत धरले आणि तो काकुळतीला आल्यावर जाऊ दिले. शिवाजी महाराजांना हे मुळीच रुचले नाही. खान पुन्हा चालून आला, तेव्हा त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नये, अशा अर्थाचा निरोप प्रतापरावांना गेला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीजवळ प्रतापराव मागच्या फौजेची वाट न पाहता खानावर तुटून पडले आणि मारले गेले.

प्रतापराव नेसरीला पडले एवढे जेधे शकावली नोंदवते. १६९७ मध्ये लिहिलेली सभासदाची बखर मोठ्या लढाईचे आणि रक्तपाताचे वर्णन करते, पण सोबतच्यांची नावे देत नाही. एप्रिल १६७४ मध्ये नारायण शेणवी यांनी मुंबईच्या इंग्रजांना कळवलेल्या बातमीत मात्र एक तपशील आहे: दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सरनोबत मारले गेले, बरोबर सहा घोडेस्वार होते आणि बाकीच्या सैन्याची मदत वेळेवर पोहोचली नाही. म्हणजे सहा हा आकडा त्या काळचाच आहे. विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे ही नावे परंपरेने जपली. पुढे कुसुमाग्रजांनी या सात जणांवर कविता लिहिली आणि लता मंगेशकरांच्या आवाजात ती घरोघर गेली.

कवितेला सात जण मिळून एकच आकृती पुरते. त्यांचा वेग, त्यांची धूळ, त्यांचे एकत्र जाणे हाच तिचा विषय आहे, आणि त्यात प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढायला गेले तर ती कविता मोडेल. कादंबरीचे तसे नाही. कादंबरीकाराने नेसरी लिहायला घेतली की पहिल्याच पानावर एक प्रश्न उभा राहतो. निरोप प्रतापरावांना आला होता. बोल त्यांना लागला होता, उमराणीचा निर्णय त्यांचा होता. त्या सहा जणांना कोणी काही म्हटले नव्हते. मग त्यांनी टाच का मारली?

‘स्वामिनिष्ठा’ हे उत्तर खोटे नाही, पण लेखनाच्या दृष्टीने ते रिकामे आहे. ते सहाही जणांना सारखेच लागू पडते, आणि जे सहा जणांना सारखे लागू पडते ते त्यांतल्या एकालाही जिवंत करत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत नायकामागे जे शेकडो मावळे उभे असतात ते एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. लेखकाने त्यांना निष्ठा दिलेली असते. त्यांचे स्वतःचे कारण दिलेले नसते.

सिद्दी हिलालचे उदाहरण घेता येईल. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना तो फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह गेले होते, आणि त्या लढाईत वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, असे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. नेसरीचा हिलाल हाच धरला, तर कादंबरीकाराच्या हाती एकदम एक पूर्ण माणूस येतो. मुलगा शत्रूच्या गर्दीत अडकला आणि बापाला तिथवर पोहोचता आले नाही, या गोष्टीला चौदा वर्षे झाली आहेत. आता डोळ्यांसमोर आणखी एक माणूस एकटाच पुढे निघाला आहे. हिलालने घोडा का काढला याचे उत्तर या क्षणी प्रतापरावांच्या गोष्टीतून आणावे लागत नाही, ते हिलालच्या स्वतःच्या गोष्टीत आहे. तो दौडतो नायकाच्या मागे, पण पोहोचायचे असते त्याला दुसरीकडेच.

बाकीच्या पाचांची कारणे अशीच वेगवेगळी असावी लागतील. एखाद्याला मागे राहिलेला म्हणून गावी तोंड दाखवायचे नसेल. एखादा उमराणीला खानाला सोडून द्यावे असाच सल्ला देणाऱ्यांपैकी असेल आणि निरोपातला प्रत्येक शब्द त्याला स्वतःला लागला असेल. निदान एकाला तरी हा हल्ला सरळ चूक वाटला पाहिजे, आणि तरी तो गेला पाहिजे. असा एक जण सोबत असला की प्रतापरावांच्या निर्णयाचे वजन वाचकाला कळते, कारण त्या निर्णयाला खिंडीतच कोणीतरी मनातून नकार दिलेला असतो. सगळेच एकमताचे असले तर धैर्य दिसते, किंमत दिसत नाही.

आणि या प्रसंगातले कदाचित सर्वांत कठीण दुय्यम पात्र खिंडीत नाहीच. प्रतापरावांच्या हाताखालचा आनंदराव मागे राहिला. सरनोबत पडल्यावर त्याने फौज सावरली आणि बहलोलखानाच्या जहागिरीतल्या संपगावावर छापा घातला. मरणाऱ्यांच्या गोष्टीत जगणाऱ्यावर एक न बोललेला आरोप नेहमी असतो. तो आरोप घेऊन दुसऱ्या दिवशी हजारो घोड्यांच्या दाण्यागोट्याची सोय पाहणारा माणूस लिहिणे, हे हल्ला लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

स्वतःचे काम असलेली माणसे

भारतीय नाट्यशास्त्राने हा विचार फार आधी केला होता. मुख्य कथेबरोबर चालणाऱ्या उपकथेचे दोन प्रकार त्यात सांगितले आहेत. लांबवर चालणारी ती ‘पताका’ आणि थोड्या जागेत संपणारी ती ‘प्रकरी’. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपका’त पताकेचे उदाहरण म्हणून सुग्रीवाची कथा येते. पताकेच्या नायकाला ‘पीठमर्द’ म्हणतात. तो चतुर असतो, मुख्य नायकाचा अनुचर असतो आणि गुणांनी त्याच्यापेक्षा थोडा उणा असतो.

सुग्रीवाचे उदाहरण नेमके आहे. त्याला रामाची गरज आहे, कारण वालीने त्याचे राज्य आणि पत्नी हिरावून घेतली आहे. रामाला त्याची गरज आहे, कारण सीतेचा शोध लावायचा आहे. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या मैत्रीला कथेत ताण आहे. राज्य मिळाल्यावर सुग्रीव पावसाळाभर सुखात रमतो आणि लक्ष्मणाला संतापून किष्किंधेत जावे लागते. रामाचे काम हेच सुग्रीवाचेही एकमेव काम असते, तर हा प्रसंग घडलाच नसता. दुय्यम पात्राला स्वतःचे काम दिले की कथेला अशी वळणे आपोआप सापडतात. नायकाच्या वाटेत लेखकाला बाहेरून अडथळे आणून टाकावे लागत नाहीत.

विरोधी पात्रांनाही हेच लागू आहे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात सुधाकराला दारूची वाट दाखवतो तो तळीराम. त्याला सुधाकराचा नाश करायचा नाही. वकिलीची सनद काही काळापुरती गेल्याने खचलेल्या माणसाला तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे उतारा देतो, आणि पिण्याला त्याला सोबत हवी असते. कटकारस्थान करणारा खलपुरुष इथे आणला असता तर सुधाकराचे पतन हा अपघात ठरला असता. तळीराम स्वतःही त्याच दारूने मरतो, आणि सुधाकराला पुढचे दिसत असूनही हात थांबत नाही. तळीरामाची बायको गीता आणि सुधाकराची बायको सिंधू एकच दुःख भोगतात. गीतेच्या तोंडाला धार आहे, सिंधू सोसत राहते. सिंधूच्या सोसण्याचा अर्थ प्रेक्षकाला गीतेमुळे कळतो, कारण दुसऱ्या तऱ्हेने वागणे शक्य होते हे समोरच दिसत असते.

नायिकेच्या शेजारी तिच्यासारखीच दुसरी बाई उभी करण्याची ही पद्धत हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये त्याआधीच वापरली होती. यमूची मैत्रीण दुर्गी हिचा संसार आधी उद्ध्वस्त होतो. यमूला चांगला, सुधारक मताचा नवरा मिळतो, त्यामुळे वाचकाला काही काळ वाटते की दुर्गीची वाट तिला टळली. शेवटी ती टळत नाही. यमू विधवा होते, आणि ज्या घरातल्या माणसांनी तिला आधार द्यायचा तीच माणसे तिच्यावर केशवपनाची सक्ती करतात. दुर्गी नसती तर यमूची गोष्ट एका बाईच्या दुर्दैवाची राहिली असती. दुर्गीमुळे ती एका काळाची गोष्ट होते. एका दुय्यम पात्राने याहून मोठे काम मराठी कादंबरीत क्वचितच केले असेल.

थोड्या जागेत माणूस

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी विभागणी केली. एका कल्पनेभोवती रचलेले पात्र सपाट, आणि वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकणारे पात्र गोलाकार. या विभागणीचा अर्थ पुढे अनेकांनी असा लावला की सपाट पात्र म्हणजे कच्चे पात्र. फॉर्स्टर यांचे म्हणणे तसे नव्हते. कादंबरीला दोन्ही लागतात, आणि सपाट पात्रे वाचकाच्या चटकन ओळखीची होतात व दीर्घकाळ लक्षात राहतात, हे त्यांनी मानले आहे. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या १९६२ च्या कादंबरीत रामशास्त्री प्रभुणे यांचे अंतरंग फारसे उलगडत नाही. न्यायनिष्ठा हा एकच गुण घेऊन ते उभे आहेत. तरी ते दुबळे नाहीत, कारण माधवराव, रघुनाथराव, गोपिकाबाई या आतून ओढाताण होणाऱ्या माणसांच्या घरात एक न हलणारा माणूस कथेला हवा आहे. प्रत्येक पात्र गुंतागुंतीचे करण्याचा हट्ट धरला तर वाचकाला टेकायला जागा राहत नाही.

तेव्हा प्रश्न पात्राला किती बाजू द्यायच्या हा नसून दिलेली बाजू कशी दाखवायची हा आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. छोटी कादंबरी, निवेदक एक तरुण शिक्षक, आणि औंध संस्थानातली धनगरांची वाडी. म्हातारा कारभारी, त्याची मुलगी अंजी, शाळेत मास्तरांच्या सोबतीला असणारा आयबू, चोऱ्या करणारा आनंदा रामोशी, मास्तरांच्या वाटेत आडवा येणारा दादू बालट्या. कोणाचेही चरित्र माडगूळकर सांगत नाहीत. कारभाऱ्याची पत, त्याचा धूर्तपणा आणि त्याचा हळवेपणा, सगळे तो मास्तरांशी कसा बोलतो यातून येते. अंजीला चोळी हवी असते; मास्तर ती शिवून आणतात; वाडीत कुजबुज होते आणि कारभाऱ्याचे मन फिरते. चोळीसारख्या साध्या गोष्टीवर तीन माणसांचे संबंध बदलतात. दुय्यम पात्राला हवी असलेली गोष्ट हातात धरता येण्याजोगी असली की तिचा उपयोग कसा होतो, याचा हा नमुना आहे. अंजीला ‘प्रेम’ किंवा ‘स्वातंत्र्य’ हवे असते तर पन्नास पाने लागली असती.

कारभारी पुढे मरतो, हेही महत्त्वाचे आहे. पण त्याचे मोल वाढते ते त्यानंतर. वाडी तशीच राहते आणि तिचा तोल बदललेला असतो. मास्तरांना आता कोणाकडे जावे हे कळत नाही. पात्र गेल्यावर कथेत जी पोकळी दिसते तीच त्या पात्राची खरी मोजणी होय. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी फार थोड्या पानांवर आहे. ती देवीच्या आजाराने जाते, आणि त्यानंतर पांडुरंगाच्या बोलण्यातली थट्टा पूर्वीसारखी ऐकता येत नाही. मनीने काही मोठे केलेले नाही, काही सांगितलेले नाही. तिच्या जाण्याने निवेदकाचा आवाज बदलतो, एवढे पुरे आहे.

बोलीबद्दल एक इशारा इथेच द्यायला हवा. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा पट्टा सीमेवरचा आहे. इथल्या मराठीत कन्नडचा हेल येतो, चंदगडकडे कोकणीचा वारा लागतो, आणि एकाच गावातला गुरव, व्यापारी, मास्तर व शेतमजूर वेगवेगळे बोलतात. कथेत मात्र नायक प्रमाण मराठीत आणि बाकी सगळे एकाच साच्यातल्या ‘गावरान’ बोलीत बोलताना दिसतात. त्यामुळे दुय्यम पात्रांचा एक समूह तयार होतो, माणसे तयार होत नाहीत. कोण तोडून बोलतो, कोण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो, कोण स्वतःचे नाव घेऊन बोलतो, कोण म्हणींमागे लपतो, हे ठरवले तर बोलीचे दोन-चार शब्दही पुरतात.

साक्षीदार आणि गैरहजर

काही दुय्यम पात्रांचे मुख्य काम पाहणे हे असते. होम्सच्या कथा वॉटसनने सांगितल्या नसत्या तर होम्सची बुद्धी चमत्कार वाटली नसती, कारण वाचकाला न कळण्यात सोबत लागते. मराठीत या तंत्राचा सर्वांत धाडसी उपयोग शिवाजी सावंत यांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) केला. कर्णाची कथा कर्ण स्वतः सांगतोच, पण कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही सांगतात. यातला शोण, कर्णाचा धाकटा भाऊ, हे सावंतांचे मोठे यश आहे. लहानपणी कर्णाच्या रथामागे धावत सुटणारा हा मुलगा पुढे त्याच मायेने सगळे पाहतो. कुंतीला अपराध लपवायचा आहे, दुर्योधनाला कर्ण हवा आहे तो स्वतःच्या कामासाठी. शोणाला त्याच्याकडून काही नको. म्हणून त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला कर्ण वाचकाला जवळचा वाटतो.

वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) उलट मार्ग घेतला. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे निवेदन करतात. कचाला निवेदन नाही. महाभारतात संजीवनी मिळवून आणि देवयानीशी शापांची देवाणघेवाण करून कच निघून जातो. खांडेकरांनी त्याला पुढच्या कथेत आणले आणि ययातीच्या भोगापुढे संयमाचा माणूस म्हणून उभे केले. तिघांच्या तोंडून दिसणारा कच तीन प्रकारे दिसतो, आणि देवयानीच्या मनातला कच तर तिच्या अहंकाराचीच बाजू आहे. मात्र कच जिथे लांबलचक उपदेश करू लागतो तिथे त्याचे पात्रपण कमी होते. लेखकाला पटलेले विचार ज्या पात्राच्या तोंडी असतात त्याला निदान एखादी चूक करायला द्यावी लागते. कचाच्या वाट्याला ती फारशी आलेली नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दोन टोकांची दुय्यम पात्रे आहेत. प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. लीला बेणारेच्या आयुष्याची दिशा ज्याने ठरवली तो माणूस गैरहजर आहे, आणि त्याची रिकामी जागा सगळ्या नाटकावर पसरली आहे. तो येऊन बोलला असता तर बेणारेइतकाच तोही तपासला गेला असता. त्याचे न येणे हीच त्याची सुटका आहे. दुसरा सामंत. अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आलेल्या मंडळींच्या स्वागताला आलेला, साधा, त्या गावचा माणूस. न आलेल्या नटाच्या जागी त्याला साक्षीदार केले जाते, आणि साक्ष सुचेना म्हणून तो हातातल्या कादंबरीतले प्रसंग सांगतो. ती बनावट साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याशी जुळते. सामंताला कोणाचेही वाईट करायचे नसते, आणि तोच नकळत दार उघडून देतो. शेवटी बेणारेजवळ कापडी पोपट ठेवणाराही तोच. चांगुलपणा आणि अपाय एकाच माणसाकडून घडवून तेंडुलकरांनी सभ्य, सुशिक्षित मंडळींचा क्रूरपणा किती जाणूनबुजून केलेला आहे हे दाखवले.

मागचा पुढे येतो

दुय्यम पात्र पुरेसे सशक्त असले की दुसऱ्या एखाद्या लेखकाला त्याची वेगळी गोष्ट दिसू लागते. नेसरीच्या आसपासच याची मोठी उदाहरणे आहेत. शिवाजी सावंत शेजारच्या आजऱ्याचे, रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. महाभारतात पांडवांच्या विरुद्ध बाजूला उभा असलेला कर्ण दोघांनीही काही वर्षांच्या अंतराने मध्यभागी आणला. सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये, देसाईंनी १९७३ च्या ‘राधेय’मध्ये. देसाईंनी पुढे ‘पावनखिंड’ लिहून महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले त्या एका रात्रीचा बाजीप्रभू स्वतंत्र कादंबरीचा नायक केला. बाजीप्रभू मुळात हिरडस मावळच्या बांदलांकडचे, म्हणजे त्यांना महाराजांआधीचा एक धनी होता, आधीचे एक आयुष्य होते. शिवचरित्राच्या धावपळीत त्याकडे पाहायला सवड नसते. नायक बदलला की तीच पार्श्वभूमी मुख्य कथा होते.

त्याच रात्रीचा शिवा काशीद अजून कादंबरीकारांची वाट पाहतो आहे असे म्हणावे लागेल. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा नाभिक, महाराजांसारखा दिसणारा म्हणून त्यांच्या जागी पालखीत बसला आणि जिवाला मुकला, असे परंपरा सांगते. बहुतेक कथनांत तो एका परिच्छेदात येतो आणि जातो. काही घटका का होईना, सगळे आपल्याला राजा समजताहेत, ही गोष्ट त्या माणसाच्या मनात काय करत असेल? बलिदान हा त्याच्या गोष्टीचा शेवट आहे. आतली गोष्ट त्या पालखीत आहे.

पाश्चात्त्य रंगभूमीवर टॉम स्टॉपर्ड यांनी १९६६ मध्ये ‘हॅम्लेट’मधले रोझेनक्रांट्झ आणि गिल्डेनस्टर्न हे दोन किरकोळ दरबारी घेऊन अख्खे नाटक रचले. मूळ नाटकात त्यांचे मरण एका ओळीत कळते. ते दोघे नायक होतात ते एकाच कारणाने: काय चालले आहे हे त्यांना कधीच समजत नाही, आणि दुय्यम पात्राची ती नेहमीची स्थिती असते.

पु. ल. देशपांडे यांचा ‘व्यक्ति आणि वल्ली’तला नारायणही इथेच बसतो. लग्नघरात बस्त्यापासून वरातीपर्यंत सगळीकडे राबणारा, आणि कार्य उरकल्यावर कोणाच्या ध्यानातही न राहणारा हा माणूस. इतर कोणत्याही कथेत तो निरोप घेऊन धावला असता. पुलंनी फक्त पाहण्याची जागा बदलली, नवरा-नवरीकडे पाठ केली आणि नारायणाकडे तोंड.

याचा धोकाही आहे. दुय्यम पात्र रंगू लागले की लेखकालाच ते आवडू लागते आणि नायक फिका पडतो. शेक्सपिअरने मर्क्युशिओला तिसऱ्या अंकातच मारले, आणि त्याच मरणामुळे रोमिओच्या हातून खून घडून नाटकाची दिशा फिरली. पात्र आवरायचे तर असे आवरावे, की त्याच्या जाण्यातूनच पुढची घटना घडेल. त्याला नुसते विसरून जाणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण वाचक विसरत नाही.

पुनर्लेखनात

दुय्यम पात्रांतले दोष पहिल्या खर्ड्यात सहसा दिसत नाहीत, कारण तोपर्यंत लेखकाचे लक्ष नायकावर असते. दुसऱ्या वाचनात एका पात्राचे सगळे प्रसंग बाजूला काढून सलग वाचावेत. आनंदरावाचे, अंजीचे, सामंताचे. त्या तुकड्यांची मिळून एक छोटी गोष्ट होते का, निदान एखादी अपुरी राहिलेली इच्छा त्यात दिसते का, हे तपासावे. होत नसेल तर ते पात्र कथेने कामावर ठेवलेले आहे. त्याला अजून घर मिळालेले नाही.

प्रत्येक प्रवेशाआधी ते पात्र कुठे होते, हे लेखकाला ठाऊक हवे. लिहायचे नसले तरी ठाऊक हवे. शेतातून आलेला माणूस आणि भांडून आलेला माणूस एकच वाक्य वेगळे बोलतो. एखादे पात्र नायकाला हवी ती माहिती हव्या त्या वेळी आणून देत असेल, तर त्याने ती का दिली आणि देताना काय राखून ठेवले हे पाहावे. काहीही राखून न ठेवणारा माणूस खऱ्या आयुष्यात विरळा.

नावांकडेही बारीक लक्ष लागते, विशेषतः ऐतिहासिक लेखनात. नेसरीच्या परंपरेतले कृष्णाजी भास्कर हे नाव वाचकाने अफजलखानाचा वकील म्हणून आधी ऐकलेले असते, म्हणून पहिल्याच उल्लेखात तो वेगळा करावा लागतो. विठ्ठल आणि विठोजी एकाच पानावर आले तर एकाला आडनावाने हाक मारणे बरे. सहा माणसे एकदम आणू नयेत. दोघांना आधीच्या प्रकरणात एखाद्या किरकोळ कामात दाखवावे, तिघे मुक्कामावर भेटावेत, आणि एखाद्याचे नाव वाचकाला अगदी शेवटच्या घटकेला कळले तरी चालते. सगळ्यांना सारखी जागा वाटून देण्याची गरज नाही. दोघे पूर्ण उभे राहिले, तिघे एकेका सवयीने ओळखू आले आणि एक जवळजवळ अनोळखी राहिला, तर वाचकाला ती खरी तुकडी वाटते. कोणत्याही तुकडीत माणसे एकमेकांना अशीच कमीजास्त ओळखत असतात.